मयेकरांची तीन कोरी वर्तुळं

मी जहाजांवर माणसं पाठवायचे. सिंगापुरात एकवीस वर्षं हेच काम केलं, आणि स्वतः मात्र पुलाऊ उबिन बेटावर जाणाऱ्या दहा मिनिटांच्या होडीतसुद्धा मी तोंडात आवळासुपारी धरून, डोळे घट्ट मिटून बसते. आमच्या खलाशांना हे कळलं की त्यांची हसून पुरेवाट व्हायची. "मॅडम, आम्हाला नऊ महिने पाठवता आणि तुम्हाला नऊ मिनिटं सोसत नाहीत?" असं एक बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, माझ्या तोंडावर म्हणाला होता. खरंच होतं ते.

या कामाला क्रूइंग म्हणतात. जहाजाचा मालक कुठल्या तरी तिसऱ्याच देशात असतो, जहाज चालवायचं कंत्राट आमच्यासारख्या कंपनीकडे असतं, आणि त्या जहाजावरची वीस-बावीस माणसं पुरवण्याचं काम आमच्या खात्याकडे. प्रत्येकाचा करार वेगवेगळ्या दिवशी संपतो. कुणाचा पासपोर्ट संपत आलेला असतो, कुणाचं सर्टिफिकेट, तर कुणाचा धीर. पंगतीत एक उठला की त्याच पाटावर दुसरा बसला पाहिजे आणि वाढप थांबता कामा नये, एवढंच आमचं शास्त्र. फक्त पंगत एका जागी नसते, ती आज सुएझला असते आणि पंधरा दिवसांनी इथल्या तुआस बंदरात.

किस्से म्हणाल तर चिक्कार आहेत. आमच्या एका कुकने विमानातून पाटा-वरवंटा नेला होता, आणि तो नेमका कशात मोडतो हे विमानतळावरच्या लोकांना तासभर ठरवता येईना. एक कॅप्टन भर समुद्रातून सॅटेलाइट फोन लावून आमटी पातळ असल्याची तक्रार करायचे. एका डेक कॅडेटची आई रोज सकाळी मला फोन करून विचारायची, "जेवला का तो?" या अंकासाठी लिहा म्हटल्यावर मी आधी तसाच लेख लिहिला होता, खुसखुशीत वगैरे. नवऱ्याने तो वाचला, "छान आहे," म्हणाला, आणि मग जरा थांबून, "मयेकरांचं नाही घातलंस?" असं विचारलं. मी तो लेख तिथल्या तिथे पुसून टाकला. आता मयेकरांचंच लिहिते.

अनंत मयेकर आमच्याकडे चीफ इंजिनियर होते. मालवणजवळच्या एका गावचे. जहाजावरचे आपले लोक चीफ इंजिनियरला बडा साब म्हणतात, म्हणजे इंजिनरूमचा सर्वेसर्वा. पण मयेकरांकडे बघून कुणी त्यांना बडा म्हटलं नसतं. बुटके, बारीक, केस पाण्याने चापून बसवलेले, आणि बोलणं इतकं कमी की आमच्या ऑफिसातल्या मुली म्हणायच्या, यांच्या फोनचं बिल शून्य येत असणार. मला ते ताई म्हणत. मी त्यांच्याहून एखाद वर्षाने लहानच असेन, पण कोकणात बाईला ताई म्हटलं की विषय संपतो.

करोनाच्या काळात बंदरं बंद झाली आणि माणसं जहाजांवर अडकली. त्या दिवसांत मी जे काम केलं त्याचा मला आजही अभिमान आहे, आणि या सगळ्या लेखात अभिमान वाटावा असं बहुधा तेवढंच असेल. दिवसाला शंभरेक फोन. ज्याच्या घरी मयत झालंय तो आधी की ज्याला मूल झालंय तो आधी, हे मला ठरवायला लागायचं. मयेकरांचा करार कधीच संपला होता. त्यांच्यासाठी एक बदली माणूस कसाबसा मिळाला तेव्हा मी त्यांना फोन केला. ते म्हणाले, "ताई, त्याला दुसऱ्या जहाजावर द्या. तिकडे एका चीफची बायको बाळंत व्हायचीय म्हणतात. माझी मुलगी मोठी झाली, मला काय घाई." ते चौदा महिने जहाजावर राहिले. असा माणूस होता हा, आणि हे मला पुरतं ठाऊक होतं. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मला सवलत घेता येणार नाही.

करोना ओसरल्यावर सगळ्याच कंपन्यांना एकदम कर्मचाऱ्यांच्या मनाची काळजी वाटायला लागली. आमच्या कंपनीने इकिगाई आणलं. इकिगाई हा जपानी शब्द. सकाळी अंथरुणातून उठावंसं वाटायला जे कारण लागतं ते, असं ढोबळमानाने म्हणता येईल. मला वन-नॉर्थला एका काचेच्या इमारतीत दोन दिवसांच्या शिबिराला पाठवलं. शिकवणारी बाई हुशार होती, कुठल्या देशाची ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण जपानी नक्की नव्हती. दुपारच्या जेवणात सुशी होती, तेवढंच काय ते जपान. तिने फळ्यावर एकमेकांत अडकलेली चार वर्तुळं काढली. तुम्हाला काय आवडतं, तुम्हाला काय चांगलं जमतं, जगाला कशाची गरज आहे आणि पगार कशाचा मिळतो. चारही जिथे एकावर एक येतात ते तुमचं इकिगाई.

मी भारावून गेले, खोटं कशाला बोलू. पन्नाशी उलटलेली, आयुष्यभर दुसऱ्यांच्या सर्टिफिकेटांच्या तारखा बघत बसलेली बाई मी. मलाही कुणी कधी विचारलं नव्हतं की तुला काय आवडतं. दोन दिवसांनी मला प्रमाणपत्र मिळालं, आणि माझं इकिगाई मला सापडलं होतं. दुसऱ्यांना त्यांचं इकिगाई शोधून देणं!

घरी फ्रिजवर वर्तुळं लागली. नवरा रोज विचारायचा, "आज कारल्याची भाजी कितव्या वर्तुळात बसते?" मुलगी तर इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आई, रिलॅक्स लाह. युअर एव्हरीथिंग ऑल्सो इकिगाई." मी दोघांनाही माफ केलं. ज्याला उमगलेलं असतं त्याने बाकीच्यांना माफ करायचं असतं असं मला तेव्हा वाटायचं. मराठी मंडळात माझं भाषणही झालं, आणि भाषणानंतर दोन बायकांनी माझा नंबर मागून घेतला.

ऑफिसात पद्धत अशी होती. करार संपवून सिंगापूरला उतरलेला माणूस विमानाला जाण्याआधी तासभर आमच्याकडे येतो. अलेक्झांड्रा रोडला आमचं ऑफिस होतं. तो कागदपत्रं देतो, जहाजाबद्दल बोलतो, परत कधी येणार ते सांगतो. त्या तासात मी चार वर्तुळांचा कागद घुसवला. थकलेली माणसं ती, त्यांचं लक्ष विमानाच्या वेळेकडे, आणि मी त्यांना विचारतेय की जगाला कशाची गरज आहे. कुकने लिहिलं, "मीठ कमी." एका बोसनने सरळ बायकोला फोन लावला आणि विचारलं, "अगं, मला काय आवडतं?" आम्ही हसायचो. पण साताऱ्याच्या एका थर्ड इंजिनियरने लिहिलं की त्याला शिकवायला आवडतं. मी धडपड करून त्याला आमच्या ट्रेनिंग सेंटरला लावून दिलं. आज तो तिथे उत्तम शिकवतो आणि दर गुरुपौर्णिमेला मला मेसेज करतो. पहिला मेसेज आला तेव्हा मी तो सगळ्या ऑफिसला दाखवला, चहा देणाऱ्या ऑन्टीलासुद्धा. त्यानंतर माझं डोकं जमिनीवर राहिलं नाही.

मयेकर आले ते असेच एका सकाळी, लाँचने किनाऱ्याला उतरून, नीट भांग पाडून. मी त्यांच्यापुढे कागद ठेवला. बाकीचे दहा मिनिटांत उरकायचे. हे चाळीस मिनिटं पेन धरून बसले. मी मधून मधून काचेतून बघत होते. शेवटी कागद परत आला तेव्हा त्यातली तीन वर्तुळं कोरी होती. 'आवडतं' या वर्तुळात सुरेख अक्षरात एकच ओळ होती, 'रोज सकाळी आठ वाजता सेटलिंग टँक ड्रेन करणे.'

हे काय ते सांगते. जहाजाचं जाडं, काळं इंधन आधी एका मोठ्या टाकीत निवळायला ठेवतात. त्यात मिसळलेलं पाणी तळाला बसतं. टाकीच्या बुडाशी एक कॉक असतो, तो उघडला की आधी पाणी येतं, मग इंधन यायला लागतं. इंधन आलं की बंद करायचं. कॉक असा असतो की हात काढला की आपला आपण मिटतो, म्हणून तो धरून तिथेच उभं राहायला लागतं. पाच-सात मिनिटांचं काम. मोटरमन करतो ते, म्हणजे इंजिनरूमचा साधा कामगार.

मी विचारलं, "साहेब, हे तर मोटरमनचं काम ना?"

"हो. पण जहाजावर असलो की मीच करतो."

"का?"

त्यांनी खूप विचार केला. "बरं वाटतं," म्हणाले.

"आणि बाकीची तीन?"

"पगार काय तो तुम्हाला माहीतच आहे. जमतं काय ते दुसऱ्याने सांगायचं. आणि जगाला काय हवं ते मला खाली इंजिनरूममध्ये कसं कळणार, ताई?" मग जरा ओशाळून म्हणाले, "बाकीचं घरी जाऊन भरून पाठवलं तर चालेल?"

यावर मी जे बोलले ते लिहिताना अजून माझे कान गरम होतात. मी म्हणाले, "साहेब, ज्याला उत्तर माहीत असतं त्याला त्यासाठी घरी जावं लागत नाही." आणि हसले. त्या शिबिरातल्या बाईसारखं, मान कलती करून.

ते गेल्यावर मी शेरा लिहिला. कागदाखाली एक रकाना होता, उद्देश किती स्पष्ट आहे त्याचे पाचपैकी गुण द्यायचे. मी एक दिला. पुढे इंग्रजीत लिहिलं त्याचा अर्थ असा, की उद्देश हरवलेला वाटतो, हाताखालच्यांची किरकोळ कामं करण्यात समाधान मानतात, मोठ्या जबाबदारीसाठी फेरविचार व्हावा. लिहून झाल्यावर मी तो शेरा परत वाचला आणि मला तो आवडला. एका थकलेल्या माणसाचं दुखणं मी पहिल्यांदा ओळखलं, असं मला वाटलं.

काही महिन्यांनी एका मालकाने आपली जुनी जहाजं विकली. आमच्याकडे चीफ इंजिनियर जास्त झाले. कुणाला कमी करायचं यासाठी बैठक झाली. वय सगळ्यांचं जवळपास तेच, अनुभव तोच, कामाचे अहवाल सगळ्यांचेच चांगले. तेव्हा फ्लीट मॅनेजरने तो नवा रकाना पडद्यावर आणला आणि नावं गुणांप्रमाणे लावली. मयेकर सगळ्यात खाली गेले.

मी गप्प बसले असं लिहिलं असतं तर तेवढ्यावर भागलं असतं. पण मी बोलले. मी म्हणाले, "खरं तर त्यांच्यासाठीही हे चांगलंच होईल. घरी जाऊन स्वतःचं इकिगाई शोधतील." सगळ्यांनी माना हलवल्या. माणसाला काढायचं होतं ते मी काढणाऱ्यांना इतकं गोड करून दिलं की कुणाला वाईटसुद्धा वाटलं नाही.

मयेकरांचा फोन आला. "ताई, पुढचं जहाज कधी?" मी सांगितलं की जहाजं कमी झालीत, बघते. दीड महिन्याने पुन्हा आला. तेव्हाही मी बघते म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांचं नाव फोनवर दिसलं तेव्हा मी फोन टेबलावर पालथा ठेवला, आणि तो थरथरत टेबलाच्या कडेपर्यंत सरकत गेला तरी उचलला नाही. नंतर त्यांनी दुसऱ्या कंपनीत अर्ज केला. आमच्या धंद्यात नवी कंपनी जुन्या कंपनीला विचारून घेते. तिकडच्या बाईंचा फोन माझ्याकडेच आला. मी मयेकरांची फाइल उघडली आणि माझा शेरा तिला वाचून दाखवला. आवाजात थोडी काळजीही आणली असेन. तिने आभार मानले. त्या नोकरीचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही, कारण मला माहीत होतं.

यानंतर दोनेक वर्षांनी आमचं एक जहाज दुरुस्तीला तुआसच्या यार्डात आलं. मालकाच्या वतीने पाहणी करायला जपानहून मोरिता-सान नावाचे म्हातारे इंजिनियर आले होते. खलाशांशी बोलायला म्हणून मीही गेले. जेवणाच्या खोलीत भिंतभर आमचे चार वर्तुळांचे कागद लावलेले होते. जपानी माणूस आलाय तर आपली करामत त्याला दाखवावी म्हणून मी मुद्दाम त्यांना तिकडे घेऊन गेले.

त्यांनी चष्मा वर करून एकेक कागद वाचला. मग फार आदबीने इंग्रजीत विचारलं, "ही कुठली पद्धत?"

"इकिगाई," मी म्हणाले. "तुमचीच की!"

"हो का," ते म्हणाले. मला वाईट वाटू नये याची त्यांनी किती काळजी घेतली ते मला दिसत होतं. "आमच्या घरी हा शब्द होता. वर्तुळं नव्हती. माझ्या आईचं इकिगाई म्हणजे मुळ्याचं लोणचं. रोज सकाळी ती बरणीवरचा दगड उचलून बघायची, पाणी किती सुटलंय. त्याचे तिला कुणी पैसे दिले नाहीत. जगाला त्याची गरज होती असंही मला वाटत नाही, फार खारट करायची." मग हसले. "पण ते बघायला ती उठायची."

मी उगीचच, सहज विचारल्यासारखं विचारलं, "समजा एखादा चीफ इंजिनियर म्हणाला, मला रोज सकाळी सेटलिंग टँक ड्रेन करायला आवडतं, तर?"

"स्वतः करतो?"

"स्वतः."

"मग चांगला चीफ आहे," ते लगेच म्हणाले. "पाणी किती आलं, कसं आलं, यावरून तेल कसं आहे ते हाताला कळतं. तेलात पाणी राहिलं तर भर समुद्रात इंजिन बंद पडतं. हे काम दुसऱ्याला सांगता येतं, पण जो आवडीने स्वतः करतो, त्याच्या जहाजावर मी शांत झोपेन." त्यांनी भिंतीवरच्या कागदांकडे बोट केलं. "त्याला हे भरायला लावू नका. त्याचं भरलेलं आहे. कुठल्या जहाजावर आहे तो?"

"सुट्टीवर आहे," मी म्हणाले.

यार्डातून परत येताना टॅक्सीत मी हेल्मेट मांडीवर घेऊन बसले होते, यार्डात परत द्यायचं विसरले होते. एक माणूस आठ शब्दांत आपलं सगळं सांगून गेला होता. चाळीस मिनिटं विचार करून, खाडाखोड न करता. आणि मी त्याला नापास केलं होतं, कारण माझ्याकडे चार वर्तुळं होती आणि त्याने एकच भरलं होतं. मला लाज वाटली म्हणजे कशी, तर भर दुपारी टॅक्सीवाल्याच्या आरशात मला स्वतःकडे बघवेना.

तरीसुद्धा फ्लीट मॅनेजरकडे जायला मला अकरा दिवस लागले. मी म्हटलं, तो शेरा चुकीचा होता, मला तो बदलायचा आहे, मयेकरांना परत बोलवू या. तो वाईट माणूस नव्हता. त्याने समजावून सांगितलं की मयेकर दोन वर्षांहून जास्त काळ समुद्रावर गेलेले नाहीत, सर्टिफिकेट टिकवायला समुद्रावरचे महिने दाखवावे लागतात, वय आता अठ्ठावन्न. आणि मग म्हणाला, "एका माणसाचा शेरा चुकला म्हटलं तर त्या यादीतल्या सगळ्यांचे शेरे पुन्हा उघडायला लागतील. ते कुणी लिहिले होते?" मी लिहिले होते. मी म्हणाले, बरं, राहू दे. दारापर्यंत जाऊन परत फिरले असते तर, असं पुष्कळदा वाटतं. पण मी फिरले नाही, जाऊन माझ्या जागेवर बसले आणि कुणाचा तरी व्हिसा केला.

निवृत्तीच्या दिवशी ऑफिसने केक आणला. त्याच्यावर क्रीमची चार वर्तुळं होती. भाषणात म्हणाले, हिने आम्हाला उद्देश शिकवला. मी केक कापला, टाळ्या झाल्या, आणि मी हसत फोटो काढून घेतले. ते फोटो अजून मंडळाच्या ग्रुपवर आहेत.

यंदाच्या मे महिन्यात मी क्वीन्सटाउनच्या बाजारात मासळी घ्यायला गेले होते. सकाळचे दहा वाजले असतील. एक बुटका माणूस बांगड्याचे कल्ले उचकटून इतक्या मन लावून बघत होता की मासेवाली वैतागली होती. मी वळून पळायच्या बेतात होते, तेवढ्यात हाक आली, "ताई!"

मयेकर मुलीकडे आले होते, तीन महिन्यांसाठी. मुलगी-जावई इथेच वन-नॉर्थला नोकरीला. बायको गावाला, तिला परदेशाची हवा मानवत नाही. हे सगळं त्यांनी उभ्या उभ्या, आनंदाने सांगितलं. मला भेटून त्यांना खरोखर आनंद झाला होता. "चला, कॉफी घेऊ," म्हणाले. शेजारीच खाण्याच्या टपऱ्यांचं हॉकर सेंटर होतं. त्यांनीच रांगेत उभं राहून दोन कोपी, म्हणजे इथली कॉफी, आणल्या, माझ्या हातात पिशवी होती म्हणून.

थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं. मी काही आतलं विचारत नव्हते. मग त्यांनी कप बाजूला सारला.

"ताई, एक विचारू? रागावू नका."

"विचारा ना."

"माझं काय चुकलं होतं?"

मग तेच पुढे म्हणाले, "कंपनी उगीच नाही काढत कुणाला. मी तीन वर्षं रोज एकेक दिवस आठवून बघतो. दोन नंबरच्या जनरेटरचं तापमान जरा वर जायचं, मी ते लॉगमध्ये लिहिलं होतं, पण बहुतेक नीट लिहिलं नाही. नायतर त्या पंपाचं सील. माझ्यानंतर जो चीफ आला त्याला मी फोन करून विचारलं, बाबा, जनरेटर बरा आहे ना? तो म्हणाला, एकदम बरा. पण तो माझ्या मनासाठी बोलत असेल." ते आपल्या हातांकडे बघत होते. "आता हाताचा भरवसा वाटत नाय. मागे घरचा विहिरीवरचा पंप बिघडला. एवढासा पंप. मी मेकॅनिक बोलावला. मिसेस बघतच राहिली. मला हात लावायची भीती वाटली, ताई."

इतके दिवस मला वाटत होतं की मी त्यांची फक्त नोकरी घेतली. हे मला ठाऊक नव्हतं.

मग मी सांगितलं. सगळं, क्रमाने. कागद, एक गुण, शेरा, बैठकीत मी काय बोलले ते, पालथा ठेवलेला फोन, दुसऱ्या कंपनीला मी काय वाचून दाखवलं ते. मोरिता-सान काय म्हणाले तेही सांगितलं, आणि तुम्ही सुट्टीवर आहात असं मी सांगितलं तेही. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. माझं बोलून झाल्यावर ते टेबलावरच्या ओल्या गोल डागाकडे बघत राहिले. पलीकडच्या टेबलावरची चिनी आजी मला रडताना बघून टिश्यूचं पाकीट पुढे सरकवून गेली.

"एक फोन करायचा होतात, ताई," शेवटी ते म्हणाले. "मी सांगितलं असतं टाकीचं काय ते. मला त्या कागदावर लिहिता आलं नसतं, पण सांगितलं असतं."

"हो."

"तुम्ही माझा फोन उचलायचात तेव्हा मला वाटायचं, ताई आहेत तोवर काळजी नाय."

आता हा माणूस चिडेल, चार माणसांत मला बोलेल असं मला वाटलं. तसं व्हावं असंच वाटत होतं.

"म्हणजे," ते एकेक शब्द चाचपत म्हणाले, "इंजिनचं काही नव्हतं?"

"काही नव्हतं, साहेब. तुमचे सगळे अहवाल उत्तम होते. मी स्वतः वाचलेत."

"जनरेटरचं?"

"नाही."

"सीलचं पण नाय?"

"काहीच नाही."

त्यांनी डोळे मिटून एक लांब श्वास सोडला, आणि त्यांचे खांदे हळूहळू खाली आले. मग त्यांनी खिशातून फोन काढला. बायकोला लावला, माझ्यासमोरच.

"अगो, ऐकतस मां? इंजिनाचा काय्येक नव्हता. हां. आत्ताच कळला. माझ्या हातून कायच चुकला नव्हता." त्यांचा आवाज ओला झाला होता आणि ते हसतही होते.

पलीकडून त्यांच्या बायकोचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला, "मगे काढल्यानी कित्याक?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, एखादा क्षण.

"हापिसात कागदाचो कायतरी घोळ झालो हुतो," ते म्हणाले. "आता सोड तां."

मी समोर बसले आहे हे त्यांनी तिला सांगितलं नाही.